केसांच्या मुळाशी पोहोचलेला लायकेन प्लेनस : एक प्रकरण अभ्यास

४६ वर्षांच्या एक महिला केस विरळ होत असल्याची तक्रार घेऊन त्वचारोगतज्ज्ञांकडे आल्या, तेव्हा त्यांच्याजवळ चौदा महिन्यांची कागदपत्रे होती आणि त्या कागदपत्रांत चार वेगवेगळी निदाने होती : मनगटावरची ॲलर्जी, दाढेच्या टोकदार कडेने झालेली इजा, वयोमानाने होणारी केसगळती आणि नखांची बुरशी. चारही तक्रारी खऱ्या होत्या. आजार मात्र एकच होता : लायकेन प्लेनस, म्हणजे शरीराची संरक्षण यंत्रणा स्वतःच्याच त्वचेवर हल्ला करते असा एक आजार. हे प्रकरण कोणा एका व्यक्तीचे नाही. या आजाराच्या रुग्णांमध्ये वारंवार दिसणारा क्रम एका रुग्णाच्या रूपाने येथे मांडला आहे.

पहिले चौदा महिने

सुरुवात मनगटांपासून झाली. दोन्ही मनगटांच्या आतल्या बाजूला आणि नडग्यांवर जांभळट, चपट्या, किंचित चकाकणाऱ्या आणि अतिशय खाजणाऱ्या पुटकुळ्या उठल्या. औषधांच्या दुकानातून आणलेल्या मलमाने खाज थोडी कमी झाली, चार-पाच महिन्यांत बहुतेक पुटकुळ्या बसल्या आणि त्यांच्या जागी काळपट तपकिरी डाग राहिले. खाज थांबली, म्हणून त्यांच्या दृष्टीने तो विषय संपला. त्याच सुमारास गालांच्या आतून जळजळ होऊ लागली. काही तिखट किंवा गरम तोंडात गेले की ती वाढत असे. दंतवैद्यांनी मागच्या एका दाढेची टोकदार कड घासून गुळगुळीत केली आणि नोंदीत ‘दोन्ही गालांच्या आत पांढऱ्या रेषा, पुन्हा पाहावे’ असे लिहिले. मागे वळून पाहता, या चौदा महिन्यांच्या कागदपत्रांतली सर्वांत मोलाची ओळ हीच होती. पण पुन्हा पाहण्याची वेळ आली नाही, कारण तोवर केसांची काळजी सुरू झाली होती.

साधारण सहाव्या महिन्यापासून डोक्याच्या मध्यभागी खाज आणि भाजल्यासारखी आग होऊ लागली, आणि भांग रुंद दिसू लागला. प्रथम कोंड्याचा शाम्पू, मग लोहाच्या गोळ्या, मग बायोटिनच्या मोठ्या मात्रेच्या गोळ्या आणि शेवटी केस वाढवण्यासाठी डोक्याला लावायचे मिनॉक्सिडिलचे द्रावण असा क्रम झाला. या वयात केस विरळ होतातच आणि कामाचा ताण कमी करा, असे त्यांना दोन ठिकाणी सांगण्यात आले. दोन्ही विधाने सर्वसाधारणपणे खोटी नाहीत. पण अशा केसगळतीत डोक्याची त्वचा सहसा दुखत किंवा जळत नाही, हे कोणी लक्षात घेतले नाही.

बायोटिनने आणखी एक गोंधळ घातला. थायरॉइडच्या रक्ततपासणीच्या काही पद्धती बायोटिनच्याच रासायनिक बंधनावर आधारलेल्या असतात, त्यामुळे रक्तात ते भरपूर असले की टीएसएच (थायरॉइडला चालना देणारे संप्रेरक) खोटे कमी आणि थायरॉक्सिन (थायरॉइडचे स्वतःचे संप्रेरक) खोटे जास्त दिसू शकते. या रुग्णाच्या बाबतीत नेमके तसेच झाले आणि थायरॉइड वाढल्याचा संशय घेऊन काही आठवडे वाया गेले. गोळ्या थांबवून काही दिवसांनी पुन्हा रक्त तपासले, तेव्हा आकडे सामान्य आले. केसांसाठी म्हणून निर्धास्तपणे घेतल्या जाणाऱ्या गोळीचा हा परिणाम अनेक वैद्यकीय व्यावसायिकांच्याही ध्यानात नसतो.

त्यानंतर उजव्या अंगठ्याचे नख आणि डाव्या हाताची दोन नखे पातळ झाली, त्यांवर उभ्या रेघा उमटल्या आणि टोके चिरली जाऊ लागली. नखाचा तुकडा न तपासता तीन महिने बुरशीविरोधी गोळ्या देण्यात आल्या. या संपूर्ण प्रकरणात मला सर्वांत जास्त खटकते ती हीच गोष्ट, कारण आकार किंवा रंग बदललेल्या नखांपैकी साधारण निम्म्यांतच बुरशी असते, बुरशीने नख बहुधा जाड होते, पातळ होत नाही, आणि या गोळ्यांचा यकृतावर ताण पडू शकतो. नखाचे कात्रण प्रयोगशाळेत पाठवणे हे यापेक्षा कितीतरी सोपे काम होते.

तपासणी

त्वचारोगतज्ज्ञांनी डोक्यापासून सुरुवात केली नाही. त्यांनी आधी मनगटे पाहिली, मग नडग्या, मग दोन्ही हातांची आणि पायांची नखे, मग तोंडाचा आतला भाग. जननेंद्रियांच्या भागात जळजळ किंवा जखम होते का, हेही त्यांनी स्पष्ट शब्दांत विचारले. रुग्णाला हा प्रश्न अनपेक्षित होता. मात्र या आजारात त्या भागातील त्वचाही धरली जाऊ शकते, तेथेही व्रण, म्हणजे जखम भरल्यावर राहणारा कायमचा वण, होऊन त्वचा चिकटू शकते, आणि स्त्रिया संकोचामुळे ते आपणहून सांगत नाहीत. या रुग्णाला तसा त्रास नव्हता. सध्या सुरू असलेल्या आणि मागील वर्षभरात घेतलेल्या सर्व औषधांची यादीही करण्यात आली, कारण रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी जवळजवळ असाच दिसणारा पुरळ येऊ शकतो. यादीत तसे काही आढळले नाही.

मनगटावर बहुतेक डागच उरले होते, पण दोन जुन्या पुटकुळ्या शिल्लक होत्या. त्यांवर तेलाचा थेंब ठेवून भिंगातून पाहिल्यावर बारीक पांढऱ्या रेषांचे जाळे दिसले. फ्रेंच त्वचारोगतज्ज्ञ विकहॅम यांनी १८९५ मध्ये वर्णन केलेल्या या रेषा आजही लायकेन प्लेनसची सर्वांत भरवशाची दृश्य खूण मानल्या जातात. गालांच्या आत तशाच, पण उघड्या डोळ्यांनी दिसणाऱ्या लेससारख्या पांढऱ्या रेषा होत्या आणि डाव्या बाजूला त्यांच्याभोवती लालसर, सोललेला भाग होता. दंतवैद्यांनी पाहिल्या त्या याच.

डाव्या मधल्या बोटाच्या नखावर तर निदान जवळजवळ लिहिलेलेच होते. नखाच्या मुळावरची त्वचेची घडी पुढे सरकून नखाच्या खालच्या भागाला चिकटली होती आणि नख दोन भागांत विभागले गेले होते. याला टेरिजियम म्हणतात. ते दिसले याचा अर्थ नख तयार करणाऱ्या पेशींच्या पट्ट्यात, म्हणजे मॅट्रिक्समध्ये, व्रण होऊन गेला आहे. बुरशीने असे होत नाही.

शेवटी डोके. माथ्यावर सुमारे ३ सेंटिमीटर आणि २ सेंटिमीटर रुंदीचे दोन अनियमित आकाराचे विरळ भाग होते. येथे निर्णायक ठरले ते डर्मोस्कोप, म्हणजे सुमारे दहापट मोठे दाखवणारे प्रकाशयुक्त भिंग. वयोमानाच्या केसगळतीत केस बारीक होतात, जाड आणि बारीक केस शेजारीशेजारी दिसतात, परंतु केस उगवण्याची छिद्रे जागेवर असतात. या रुग्णाच्या विरळ भागाच्या मध्यभागी छिद्रेच नव्हती. त्वचा गुळगुळीत आणि फिकट होती. कडेला मात्र प्रत्येक केसाच्या बुडाशी नळीसारखी पांढरी खपली आणि भोवती लाली होती. केसांची बट हलकेच ओढून पाहण्याची चाचणी कडेला केली, तेव्हा हाती आलेल्या केसांच्या बुडाशी पारदर्शक चिकट आवरण होते, म्हणजे ते वाढीच्या अवस्थेतले केस होते. सामान्यतः ओढल्यावर विश्रांतीच्या अवस्थेतले एक-दोन केसच निघतात. वाढीच्या अवस्थेतला केस सहज निघून येणे, हे मुळाशी दाह चालू असल्याचे लक्षण आहे.

पुरावा

लक्षणे इतकी बोलकी असूनही बायोप्सी करण्यात आली, आणि ती आवश्यकच होती, कारण डिस्कॉइड ल्युपस हा आजारही डोक्यावर व्रण करून केस घालवतो आणि त्याच्या उपचारांची व पुढील देखरेखीची दिशा वेगळी असते. बायोप्सी कोठून घ्यावी हा प्रश्न साधा वाटतो, पण येथेच बहुतेक चुका होतात. सर्वांत टक्कल पडलेल्या जागेचा तुकडा घेण्याचा मोह होतो; तेथे आग विझून गेलेली असते आणि सूक्ष्मदर्शकाखाली फक्त व्रण दिसतो, तो कोणत्या आजाराचा हे कळत नाही. म्हणून अजून केस असलेल्या, पण बुडाशी लाली आणि खपली असलेल्या कडेवरून ४ मिलिमीटरचे दोन तुकडे घेण्यात आले. एकाचे आडवे काप केले आणि दुसऱ्याचा अर्धा भाग प्रकाशमान प्रतिपिंडांच्या तपासणीसाठी राखून ठेवला.

केशकूपाच्या, म्हणजे केस ज्यातून उगवतो त्या त्वचेतील पिशवीच्या, वरच्या भागाभोवती लिम्फोसाइट या पांढऱ्या रक्तपेशींची दाट गर्दी, त्वचेच्या सर्वांत खालच्या थरातील पेशींचा नाश, कूपाभोवती वर्तुळाकार तंतूंची वाढ आणि तैलग्रंथींचा अभाव असे अहवालात नमूद होते. ल्युपसकडे बोट दाखवणारे प्रतिपिंडांचे साठे आढळले नाहीत. नखांच्या कात्रणांत बुरशी नव्हती. हिपॅटायटिस सी विषाणूशी या आजाराचा संबंध आढळत असल्याने ती रक्ततपासणीही केली. ती नकारात्मक आली. निदान निश्चित झाले : त्वचा, तोंड आणि नखे यांसह डोक्याचा लायकेन प्लेनस. त्याच्या केसांवरील रूपाला लायकेन प्लॅनोपिलॅरिस म्हणतात.

केस परत का येत नाहीत

या आजारात शरीराच्या संरक्षण यंत्रणेतील टी पेशी स्वतःच्याच त्वचेच्या तळथरातील पेशींवर हल्ला करतात. मनगटावर हा हल्ला ओसरला की डाग राहतो, पण त्वचा शाबूत असते. बहुतेक रुग्णांत त्वचेवरचा आजार एक ते दोन वर्षांत स्वतःहून शमतो. केशकूपाचे मात्र तसे नाही. नवा केस घडवणाऱ्या मूळपेशी कूपाच्या वरच्या भागात, केस उभा करणारा स्नायू जेथे जोडलेला असतो त्या फुगीर जागी राहतात. लायकेन प्लॅनोपिलॅरिसचा दाह नेमका तेथे होतो. चाई पडते तेव्हा दाह कूपाच्या तळाशी असलेल्या कंदाभोवती असतो आणि वरच्या मूळपेशी वाचतात. म्हणून चाईतले गुळगुळीत टक्कल कितीही भयंकर दिसले तरी तेथे केस पुन्हा उगवू शकतात, आणि येथे हाताच्या नखाएवढी जागा गेली तरी ती कायमची जाते. दोन टकलांमधला फरक अशा रीतीने काही मिलिमीटरच्या खोलीचा आहे, आणि तो कोणत्याही शाम्पूच्या किंवा गोळीच्या आवाक्यातला नाही.

म्हणूनच या रुग्णाच्या बाबतीत वेळेचा हिशेब सर्वांत महत्त्वाचा होता. मनगटाची तक्रार पहिल्याच महिन्यात ओळखली गेली असती तरी डोक्याचा आजार टळला असता असे म्हणता येत नाही. परंतु सहाव्या महिन्यात डोक्याची आग सुरू झाली तेव्हा, मनगटावरच्या डागांचा आणि गालातल्या रेषांचा अर्थ ठाऊक असता, तर मधले आठ महिने शाम्पू, गोळ्या आणि मिनॉक्सिडिल यांवर गेले नसते.

उपचार

उद्दिष्ट रुग्णाला पहिल्याच भेटीत स्पष्टपणे सांगण्यात आले. त्यांनी विचारले, “या जागी केस परत कधी येतील?” डॉक्टरांचे उत्तर होते, “मधल्या जागेत येणार नाहीत. आपण आता करतो आहोत ते कडेचे केस वाचवण्यासाठी. ते वाचले की आपला उपचार यशस्वी झाला असे समजा.” हे उत्तर कठोर वाटेल; पण ते न देता उपचार सुरू केले असते तर सहा महिन्यांनी टक्कल तसेच पाहून रुग्णाने औषधे सोडली असती, आणि आजार नेमका तेव्हाच आटोक्यात येऊ लागलेला असतो.

डोक्यावर क्लोबेटासॉल या तीव्र क्षमतेच्या स्टेरॉइडचे द्रावण आणि कडेच्या दाहग्रस्त भागात दर चार ते सहा आठवड्यांनी ट्रायॲमसिनोलोन या दुसऱ्या स्टेरॉइडची बारीक इंजेक्शने सुरू झाली. मिनॉक्सिडिल थांबवले, कारण त्याच्या द्रावणाने जळजळ वाढत होती आणि आजाराची आग कोणती व औषधाची कोणती हे कळेनासे झाले होते. पोटातून हायड्रॉक्सिक्लोरोक्वीन हे संरक्षण यंत्रणेचा हल्ला सौम्य करणारे औषध देण्यात आले. या औषधाची मात्रा वजनाच्या दर किलोमागे दिवसाला ५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त असू नये, कारण दीर्घकाळ जास्त मात्रा घेतल्यास डोळ्याच्या पडद्याला इजा होते. रुग्णाचे वजन ६२ किलो असल्याने एक दिवस २०० आणि एक दिवस ४०० मिलिग्रॅम अशी आलटून पालटून मात्रा ठरली. औषध सुरू झाले त्याच सुमारास नेत्रतज्ज्ञांकडून डोळ्यांची पायाभूत तपासणी करून घेण्यात आली. औषधाचा पूर्ण परिणाम दिसायला काही महिने लागतात, हेही लेखी दिले. गंमत अशी की, हायड्रॉक्सिक्लोरोक्वीननेच क्वचित लायकेनसारखा पुरळ येतो, त्यामुळे नवी पुटकुळी दिसली तर लगेच कळवावे, अशी सूचना त्यात होती.

नखांबाबत निर्णय झटपट झाला, कारण मॅट्रिक्सचा व्रणही परत फिरत नाही. बाधित नखे तीनच असल्याने नखाच्या मुळावरील घडीत ट्रायॲमसिनोलोनची इंजेक्शने देण्याचे ठरले. नखे जास्त असती तर स्नायूत इंजेक्शन देऊन संपूर्ण शरीरातून उपचार करावा लागला असता. ही इंजेक्शने दुखतात, आणि ते लपवण्यात अर्थ नाही. गार फवाऱ्याने बोट बधिर करूनही रुग्णाच्या डोळ्यांत पाणी आले.

तोंडासाठी स्टेरॉइडचे जेल दिले आणि त्याच दंतवैद्यांना पत्र लिहून त्यांच्या जुन्या नोंदीचा उल्लेख करण्यात आला. तोंडातील लायकेन प्लेनसचे रूपांतर कर्करोगात होण्याची शक्यता कमी, साधारण शंभरात एक इतकी असते. तरी लालसर, सोललेल्या प्रकारात ती दुर्लक्षिता येत नाही, म्हणून दर सहा महिन्यांनी गालांची तपासणी ठरवली. मनगटावरच्या डागांसाठी काहीही लावले नाही. तेथील रंगद्रव्य त्वचेच्या खालच्या थरात उतरलेले असते, ते महिनोन्‌महिने घेऊन हळूहळू कमी होते, आणि उजळ करणाऱ्या मलमांनी नवा दाह होऊन डाग अधिकच गडद होण्याचा धोका असतो.

पुढील वाटचाल

प्रत्येक भेटीत माथ्याची छायाचित्रे एकाच अंतरावरून आणि एकाच प्रकाशात घेतली, आणि नाकाच्या मुळापासून मोठ्या विरळ भागाच्या पुढच्या कडेपर्यंतचे अंतर मोजपट्टीने नोंदवले. केसांच्या बाबतीत रुग्णाची आणि डॉक्टरचीही आठवण फसवते. आकडा फसवत नाही. तीन महिन्यांनी आग आणि खाज बरीच कमी झाली, परंतु मोठ्या भागाची कड काही मिलिमीटर पुढे सरकली होती. रुग्ण निराश झाल्या. औषध बदलावे का, हा प्रश्न तेव्हा खरोखर विचारात होता. मायकोफेनोलेट किंवा मेथोट्रेक्सेट ही संरक्षण यंत्रणा दाबणारी औषधे पर्याय म्हणून उपलब्ध होती. पण हायड्रॉक्सिक्लोरोक्वीनला पुरेसा अवधी मिळाला नव्हता आणि लाली घटत होती, म्हणून थांबण्याचे ठरले. उपचारांच्या सहाव्या महिन्यात कड स्थिरावली आणि केस ओढण्याची चाचणी नकारात्मक आली.

हाताचे नख महिन्याला सुमारे ३ मिलिमीटर वाढते आणि मुळापासून टोकापर्यंत यायला साधारण सहा महिने घेते. त्यामुळे इंजेक्शनांचे फळ आधी मुळाशी, अर्धचंद्राजवळच्या गुळगुळीत पट्टीच्या रूपाने दिसले आणि तो पट्टा अंगठ्याच्या टोकापर्यंत पोहोचायला हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंतचा काळ गेला. डाव्या मधल्या बोटाचे नख दुभंगलेलेच राहिले.

गमावलेल्या केसांच्या प्रश्नाला औषधाबाहेरची उत्तरे शोधावी लागली. केसांच्या रंगाचे बारीक तंतू भुरभुरून टक्कल झाकण्याची पूड त्यांनी काही दिवस वापरली. नंतर माथ्यापुरता टोप त्यांना अधिक सोयीचा वाटला. केशरोपणाचा विषय त्यांनीच काढला. आजार किमान दोन वर्षे पूर्ण शांत राहिल्याशिवाय ते करू नये आणि केल्यानंतरही आजार जागा झाला तर लावलेले केसही जाऊ शकतात, हे ऐकल्यावर त्यांनी तो विचार पुढे ढकलला. वर्षाच्या शेवटी गालातल्या लालसर भागाची जागा साध्या पांढऱ्या रेषांनी घेतली होती आणि मनगटावरचे डाग फिकट होऊ लागले होते.

उपचारांच्या अठराव्या महिन्यात हायड्रॉक्सिक्लोरोक्वीन रोज २०० मिलिग्रॅमवर आणले. त्यानंतर दोन महिन्यांनी माथ्याच्या उजव्या कडेला पुन्हा भाजल्यासारखे वाटू लागले. या वेळी रुग्ण आठवड्याभरात आल्या आणि खुर्चीत बसण्याआधीच त्यांनी बोटाने नेमकी जागा दाखवली. डर्मोस्कोपखाली तीन केसांच्या बुडाशी ताजी पांढरी खपली होती आणि ओढल्यावर वाढीच्या अवस्थेतले दोन केस हातात आले. मात्रा पूर्ववत केली, त्या जागी इंजेक्शन दिले आणि सहा आठवड्यांनी पुन्हा मोजमाप केले. मोजपट्टीवरचा आकडा अठराव्या महिन्यात होता तेवढाच होता.